वयाच्या अटीपासून हप्त्याच्या अटीपर्यंत

२ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रातल्या आठ जिल्ह्यांत राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना सुरू झाली. मुंबई शहर, मुंबई उपनगर, रायगड, सोलापूर, नांदेड, अमरावती, गडचिरोली आणि धुळे. खानदेशातून एकटं धुळे त्या यादीत होतं. जळगाव आणि नंदुरबारला २१ नोव्हेंबर २०१३ पर्यंत थांबावं लागलं. पिवळं किंवा केशरी रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळणार होते, मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठी अडीच लाखांपर्यंत, आणि हप्ता सरकार भरणार होतं: एका कुटुंबामागे वर्षाला ३३३ रुपये. विमा उतरवणारी कंपनी होती सरकारी मालकीची नॅशनल इन्शुरन्स. या करारात दोन अटी नव्हत्या, आणि माझ्या दृष्टीने त्या नसणं हीच त्या दिवसाची मोठी गोष्ट होती. वयाची अट नव्हती आणि आधीच्या आजाराची अट नव्हती. साक्री किंवा शिंदखेडा तालुक्यातला ऐंशी वर्षांचा माणूस, पंधरा वर्षांपासून रक्तदाब असलेला, पहिल्या दिवसापासून त्यात होता. त्याच काळात याच कंपनीच्या स्वतःच्या मेडिक्लेम पॉलिसीत मात्र नव्याने येणाऱ्याला वयाची कमाल मर्यादा होती, आणि आधीपासून असलेल्या आजाराच्या खर्चासाठी सलग चार वर्षं हप्ते भरून वाट पाहायची होती. कंपनी एकच, देश एकच, म्हातारपणाचे आजारही तेच. मग एका कागदावर जे विम्याबाहेरचं ठरत होतं, ते दुसऱ्या कागदावर ३३३ रुपयांत कसं बसलं?

हप्ता हजारो धडधाकट माणसांच्या नावानेही भरला जात होता म्हणून, हे उत्तर बरोबर आहे आणि विमाशास्त्राच्या पहिल्या धड्यातलं आहे. पण त्यातून पुढे जे निघतं ते फारसं बोललं जात नाही. म्हाताऱ्या माणसाचा विमा उतरवता येत नाही, असा काही गणिताचा नियम नाही. त्याला बाहेर ठेवण्याचा अधिकार कुणाच्या हातात आहे, यावर सगळं ठरतं. भारतातल्या ज्येष्ठांच्या आरोग्यविम्याचा कायदेशीर इतिहास हा मुळात हा अधिकार कंपन्यांच्या हातून थोडाथोडा काढून घेण्याचा इतिहास आहे. आधी नूतनीकरण नाकारण्याचा अधिकार गेला, मग वयाचं कारण सांगून दार बंद करण्याचा, मग जुन्या आजाराचं कारण कितीही वर्षांनी उकरून काढण्याचा. एका अधिकाराला मात्र बराच काळ कुणी हातही लावला नाही, तो म्हणजे किंमत ठरवण्याचा. त्यामुळे म्हाताऱ्यांना बाहेर काढणं कायद्याने थांबलं, पण त्यांचं बाहेर पडणं थांबलं नाही. धुळे आणि जळगाव या दोन जिल्ह्यांकडे पाहिलं की हा फरक स्पष्ट दिसतो, कारण इथे विम्याच्या आत असलेले, बाहेर असलेले आणि अर्धवट आत असलेले म्हातारे एकाच गल्लीत राहतात.

सुरुवात १९८६ ची. त्या वर्षी जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशनच्या चार उपकंपन्यांनी, म्हणजे नॅशनल, न्यू इंडिया, ओरिएंटल आणि युनायटेड इंडिया यांनी, मेडिक्लेम बाजारात आणली. खानदेशात ती कुणी घ्यावी? भुसावळच्या रेल्वे कर्मचाऱ्याला तिची गरज नव्हती. त्याला रेल्वेचं इस्पितळ होतं, आणि पुढे निवृत्तांसाठीही एकदाच ठरावीक रक्कम भरून आयुष्यभर उपचार मिळतील अशी योजना आली. भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्याचं चित्र जरा वेगळं होतं. केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचे दवाखाने मोठ्या शहरांत. जिथे ते नाहीत तिथल्या पेन्शनरला महिन्याला वैद्यकीय भत्ता. हा भत्ता डिसेंबर १९९७ पासून १०० रुपये होता, २००८ मध्ये ३०० झाला, २०१४ मध्ये ५००, आणि जुलै २०१७ पासून १,०००. एवढ्यात बाह्यरुग्ण म्हणून गोळ्या-औषधं निघतात, इस्पितळाचं बिल निघत नाही. आणि हे झाले नशीबवान. जळगावच्या डाळमिलमधला मुकादम, रावेर-यावलचा केळी उत्पादक, सराफ बाजारातला दुकानाचा नोकर, अमळनेर-धुळ्याच्या गिरण्यांतून बाहेर पडलेला कामगार यांना वरचं काहीच लागू नव्हतं. त्यांच्या म्हातारपणाचा विमा म्हणजे बँकेतली मुदत ठेव, शेताचा तुकडा आणि घरातलं सोनं.

१९९६ मध्ये याच कंपन्यांनी गरिबांसाठी म्हणून जन आरोग्य विमा आणला. पाच हजार रुपयांचं संरक्षण. त्याचा दरतक्ता नीट पाहण्यासारखा आहे. ४५ वर्षांपर्यंतच्या माणसाला वर्षाला ७० रुपये, ५५ पर्यंत १००, ६५ पर्यंत १२०, आणि ७० पर्यंत १४०. तिथे तक्ता संपतो. पाच हजारांच्या विम्यातसुद्धा, जिथे कंपनीचा धोका जास्तीत जास्त पाच हजारांचाच होता, एकाहत्तराव्या वर्षाला ओळ नव्हती. दर दुप्पट करून मग थांबणं ही त्या काळची पद्धत होती, आणि तिच्यावर त्या वेळी फारसा कुणी आक्षेप घेतला नाही. विमा हा ऐच्छिक करार आहे, कंपनीला नको असेल तर ती करणार नाही, हा समज वकिलांपासून एजंटांपर्यंत सगळ्यांनी धरून ठेवला होता.

त्या समजाला पहिला मोठा तडा सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये दिला, आणि ज्या खटल्यात दिला त्याची हकीकत बोलकी आहे. कोलकात्याच्या बिमन कृष्ण बोस यांची मेडिक्लेम युनायटेड इंडियाकडे होती. क्लेम अडला, ते ग्राहक मंचात गेले. पुढे पॉलिसी नूतनीकरणाची वेळ आली तेव्हा कंपनीने ते नाकारलं, आणि कारण मुळात एवढंच होतं की या गृहस्थांनी आमच्यावर दावा लावला होता. न्यायालयाने सांगितलं की सरकारी कंपनी ही राज्यसंस्थेचाच भाग आहे. तिला खाजगी दुकानदारासारखं मनात येईल तसं गिऱ्हाईक परतवता येणार नाही. न्यायालय एवढ्यावर थांबलं नाही. नूतनीकरण करायचं ते मूळ मुदत संपली त्या तारखेपासून, नाहीतर मधल्या काळात उद्भवलेले आजार ‘आधीचे’ ठरून पुन्हा बाहेर जातील, हेही त्याने ओळखलं. खरी मेख इथेच आहे. तिशीतल्या माणसाची पॉलिसी तुटली तर तो दुसरी घेतो. पासष्टीतल्या माणसाची पॉलिसी एक दिवस जरी तुटली, तरी आयुष्यभर भरलेल्या हप्त्यांनी जे मिळवलेलं असतं, ते एका तारखेने पुसलं जातं.

पण या निकालाला एक मर्यादा होती, आणि ती त्याच्या तर्कातच होती. समानतेचा अधिकार राज्यसंस्थेविरुद्ध मागता येतो. खाजगी कंपनीविरुद्ध तसा मागता येत नाही. विमा नियामक प्राधिकरणाचा कायदा १९९९ मध्ये झाला, २००० पासून खाजगी कंपन्यांना दार उघडलं, म्हणजे निकाल आला तेव्हाच त्याच्या पकडीबाहेरचा बाजार वाढायला लागला होता. शिवाय धुळे किंवा जळगावच्या माणसाने नूतनीकरणासाठी रिट याचिका करायची म्हणजे उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाकडे जायचं. काही हजारांच्या हप्त्याच्या पॉलिसीसाठी, तेही आजारी असताना. हक्क होता, तो वापरायला लागणारी ताकद नेमकी ज्यांच्याकडे नाही, त्यांच्यासाठी होता.

२००७ च्या जानेवारीपासून आगीच्या आणि इतर विम्यांचे बांधलेले दर सुटले. तोपर्यंत त्या धंद्यातल्या नफ्यातून आरोग्य विम्यातली खोट भरून निघत असे. ती सोय आटली आणि ज्येष्ठांचे हप्ते एकदम वर गेले. ओरड झाली. नियामकाने के. एस. शास्त्री यांच्या अध्यक्षतेखाली ज्येष्ठांच्या आरोग्यविम्यावर समिती नेमली. २००८ मध्ये मनुभाई गजेरा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी एक भेद स्पष्ट केला: नूतनीकरण आपोआप होत नाही हे खरं, पण ते पहिल्यांदा होणाऱ्या कराराच्या मापाने मोजता येणार नाही. २००९ मध्ये नियामकाची दोन परिपत्रकं आली. मार्चच्या परिपत्रकाने फसवणूक किंवा खोटी माहिती यांसारखं कारण असल्याशिवाय नूतनीकरण नाकारू नये असं सांगितलं. मेच्या परिपत्रकाने ६५ वर्षांपर्यंत नव्याने प्रवेश, नकाराचं कारण लेखी, आणि प्रस्ताव स्वीकारला तर वैद्यकीय तपासणीचा निदान निम्मा खर्च कंपनीने द्यायचा, अशा गोष्टी ठरवल्या. ऑक्टोबर २०११ पासून एका कंपनीतून दुसरीकडे जाताना जुन्या वर्षांचं पुण्य सोबत नेता येऊ लागलं. आणि २०१३ च्या नियमावलीने हे सगळं पक्कं केलं: खंड न पडता चालू असलेली पॉलिसी वयाच्या कारणावरून थांबवता येणार नाही. सरकारी असो वा खाजगी, सर्व कंपन्यांना लागू. न्यायालयाला जे करता आलं नव्हतं ते नियमाने केलं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वात मोलाचं वाक्य हेच आहे, जरी त्याचा कधी गाजावाजा झाला नाही.

यावर कंपन्यांच्या बाजूने जो आक्षेप घेतला जातो तो हलका नाही. दार सताड उघडं ठेवलं तर आजारी पडल्यावरच लोक विमा घेतील, धडधाकट लोक बाहेर राहतील, हप्ता वाढेल, उरलेले धडधाकटही सोडून जातील, आणि शेवटी सगळा डोलारा बसेल. नव्याने येणाऱ्यांच्या बाबतीत हे खरं आहे, आणि म्हणूनच प्रतीक्षेचा काळ असणं मला अन्यायाचं वाटत नाही. पण हाच युक्तिवाद नूतनीकरणाला लावता येत नाही. चाळिशीत पॉलिसी घेऊन पंचवीस वर्षं क्लेम न करता हप्ते भरणारा माणूस आजारी पडल्यावर आलेला नाही. तो आला तेव्हा धडधाकटच होता, आणि त्याच्याच हप्त्यांतून दुसऱ्यांची बिलं भागली. पासष्टीला त्याला वगळणं म्हणजे जोखीम टाळणं नव्हे. जोखमीचा मोबदला आधी घेऊन ती उचलायच्या वेळी हात झटकणं आहे. नव्याने येणाऱ्यांच्या बाबतीतही या आक्षेपाचं उत्तर धुळ्याने २०१२ मध्ये दिलं होतं: सगळ्यांना एकदम आत घेतलं की निवडून येण्याचा प्रश्नच उरत नाही. अर्थात त्या योजनेच्या स्वतःच्या भिंती होत्या. ठरलेल्या ९७२ शस्त्रक्रिया व उपचारांपलीकडे काही नाही, यादीतल्याच इस्पितळात जायचं, आणि पांढरं कार्ड असलेल्याला प्रवेश नाही. निवृत्त बँक कारकून किंवा शाळामास्तर म्हणजे पांढरं कार्ड. मेडिक्लेमचं गिऱ्हाईक तेच, आणि म्हणून कायद्यातली प्रत्येक फट त्यांच्याच वाट्याला येत होती.

ती फट कशी उघडते हे पाहायचं तर इस्पितळाच्या केसपेपरवरची एक ओळ पाहावी. म्हातारा माणूस हृदयाच्या दुखण्याने दाखल होतो. दाखल करून घेणारे निवासी डॉक्टर घाईत विचारतात, बीपी किती दिवसांपासून? मुलगा किंवा सून अंदाजाने सांगते, दहा-बारा वर्षं झाली असतील. ती ओळ इंग्रजीत लिहिली जाते, डिस्चार्ज कार्डावर जशीच्या तशी उतरते, आणि क्लेम तपासणाऱ्या टीपीए या त्रयस्थ संस्थेकडे पोचते. पॉलिसी नऊ वर्षांपूर्वीची. त्या वेळचा प्रस्तावाचा अर्ज एजंटने इंग्रजीत भरलेला, आजारांच्या रकान्यात एका रेषेत ‘नाही’, खाली मराठीत सही. मग माहिती लपवली या कारणाने क्लेम नामंजूर. या एका ओळीने किती क्लेम बुडवले असतील हे सांगता येणार नाही, पण ग्राहक मंचांसमोर आलेल्या आरोग्यविम्याच्या वादांत हे कारण पुन्हा पुन्हा दिसतं. कायद्याने याला उत्तर द्यायला वेळ लावला. २०१९ पासूनच्या नियमांनी सलग आठ वर्षं पूर्ण झाली की फसवणूक सिद्ध झाल्याखेरीज जुना आजार काढून क्लेम नाकारता येणार नाही असं ठरवलं, आणि २०२४ मध्ये ही मुदत साठ महिन्यांवर आणली. त्याच वर्षी आधीच्या आजारासाठीची प्रतीक्षा जास्तीत जास्त तीन वर्षांवर आली. २०२१ मध्ये मनमोहन नंदा यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने बजावलं होतं की आजाराची माहिती दिलेली असताना, तपासणी करून पॉलिसी दिल्यावर, कंपनीला नंतर त्याच आजाराकडे बोट दाखवता येणार नाही. आणि जानेवारी २०२४ पासून पॉलिसीचा सारांश देणारं माहितीपत्रक विमाधारकाने मागितलं तर त्याच्या भाषेत द्यावं लागतं. मागितलं तर. हे शब्द मला खटकतात. मराठीत हवं म्हणून कधीही न मागणारा माणूसच बहुधा इंग्रजी अर्जावर सही करणारा असतो. जिल्ह्याच्या भाषेत ते आपोआप मिळायला हवं.

हक्क कागदावर असला तरी तो मागायचा कुठे, हा खानदेशासाठी नेहमीच अर्धा प्रश्न राहिला आहे. १९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने धुळे आणि जळगावला जिल्हा मंच मिळाले, वकिलाशिवाय उभं राहता येईल असे. पण तक्रार कुठे करायची हे कंपनीचं कार्यालय आणि वादाचं कारण कुठे घडलं यावर ठरायचं, आणि २००९ मध्ये सॉनिक सर्जिकल प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नुसती शाखा असणं पुरेसं नाही, असा अर्थ लावला. पॉलिसी फोनवरून किंवा संगणकावरून मुंबईतून, चेन्नईतून विकली जायला लागली, तेव्हा हा नियम छोट्या शहरांना जाचक होत गेला. २० जुलै २०२० ला लागू झालेल्या नव्या कायद्याने तक्रारदार जिथे राहतो तिथल्या आयोगात तक्रार करण्याची मुभा दिली. चोपड्याच्या किंवा शिरपूरच्या माणसाला आपल्याच जिल्ह्यात दाद मागता येऊ लागली. पाच लाखांपर्यंतच्या तक्रारीला शुल्कही नाही. विमा लोकपालाची व्यवस्था १९९८ पासूनची. फी नाही, वकील नाही, आणि २०२३ पासून पन्नास लाखांपर्यंतचे वाद. खानदेशाची तक्रार पुण्याच्या लोकपाल कार्यालयाकडे जाते. सत्तरीतल्या माणसासाठी हे अंतर कमी नाही; २०२१ च्या दुरुस्तीने ऑनलाइन तक्रार आणि व्हिडिओवर सुनावणी आली, त्याने ते बरंच कमी झालं. इस्पितळाच्या व्याख्येतही छोट्या शहरांची थोडी दखल घेतलेली आहे: दहा लाखांहून कमी वस्तीच्या गावात पंधराऐवजी दहा खाटा पुरतात. २०११ च्या जनगणनेत जळगाव शहर साडेचार लाखांच्या पुढे, धुळे पावणेचार लाखांच्या आसपास. तेव्हा दहा खाटांचं नर्सिंग होमही चालतं. पण पाचोरा किंवा दोंडाईचातलं सहा खाटांचं, जिथे म्हातारा माणूस रात्री दोन वाजता प्रत्यक्षात नेला जातो, ते व्याख्येत बसत नाही.

आता किमतीकडे येतो, कारण माझं सारं म्हणणं तिथेच येऊन टेकतं. वयाचं कारण सांगून नूतनीकरण नाकारता येत नाही, हे २०१३ मध्ये ठरलं. पण हप्ता दुप्पट करून तेच साधता येत होतं, आणि नकाराचं पत्रही पाठवावं लागत नव्हतं. विमाधारकच भरणं सोडून देतो. नोंद होते ती ‘नूतनीकरण केलं नाही’ अशी. बँकांच्या निवृत्त कर्मचाऱ्यांचं उदाहरण यातलं सर्वांत लखलखीत. २०१५ च्या वेतन करारानंतर त्यांच्यासाठी गट विमा आला, पण हप्ता ज्याचा त्याने भरायचा होता. पुढे त्यावर जादा संरक्षणाचा सुपर टॉप-अपही आला. हप्ते वर्षागणिक चढत गेले आणि निवृत्तांच्या संघटनांना दर नूतनीकरणाला हाच विषय घ्यावा लागला. पेन्शन मात्र त्या गतीने वाढत नाही. खाजगी कारखान्यांतून निवृत्त झालेल्यांच्या कर्मचारी पेन्शन योजनेत किमान पेन्शन सप्टेंबर २०१४ पासून महिना एक हजार रुपये आहे, म्हणजे वर्षाला बारा हजार. अशा माणसाला मेडिक्लेमच्या हक्काचं काय करायचं?

३० जानेवारी २०२५ ला नियामकाने पहिल्यांदा या उरलेल्या अधिकाराला हात घातला. ज्येष्ठांच्या पॉलिसीचा हप्ता वर्षाला दहा टक्क्यांहून अधिक वाढवायचा असेल तर आधी आमच्याशी सल्लामसलत करा, असं परिपत्रक निघालं. ज्येष्ठांसाठीची वैयक्तिक पॉलिसी बंद करायची असली तरी तेच. कंपन्यांची बाजू अशी की उपचारांचा खर्चच दहा टक्क्यांहून वेगाने वाढतो, मग आम्ही तोटा कुठून भरायचा. हा आक्षेप मी अर्धा मान्य करतो. खर्च खरोखर वाढतो, आणि इस्पितळांच्या दरांवर कुठलाही नियामक नाही. महाराष्ट्राने केंद्राचा २०१० चा वैद्यकीय आस्थापना कायदा स्वीकारलेला नाही. इथे १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा चालतो, आणि २०२१ च्या नियमांनी दरपत्रक व रुग्णहक्कांची सनद लावायला सांगितलं असलं, तरी दर किती असावा हे कुणी ठरवत नाही. पण अर्ध्या मान्यतेतून उलटाच निष्कर्ष निघतो. विमा कंपन्या इस्पितळांशी मिळून दर ठरवू शकतात, म्हाताऱ्या माणसाला ते शक्य नाही. वाढीचा भार सौदा करू शकणाऱ्यावर टाकला तरच तो सौदा करेल; त्याच परिपत्रकाने कंपन्यांना इस्पितळांशी एकत्र पॅकेज ठरवायला सांगितलं आहे ते याचसाठी. शिवाय दहा टक्के म्हणजे काही थोडं नव्हे. साठाव्या वर्षी तीस हजारांचा हप्ता दरसाल दहा टक्के वाढला, तर सत्तराव्या वर्षी तो ७७,८०० च्या आसपास जातो. सप्टेंबर २०२५ मध्ये वैयक्तिक आरोग्यविम्यावरचा अठरा टक्के जीएसटी गेला. तो दिलासा या वाढीपुढे दोनेक वर्षांत विरून जाईल.

किंमत अशी सुटी ठेवून वृद्धांचा विमा चालवण्याचा प्रयोग अमेरिकेत आधी झाला आहे. तिथे १९६५ मध्ये पासष्टीच्या पुढच्यांसाठी मेडिकेअर आलं, आणि त्यातून राहणाऱ्या खर्चासाठी पूरक खाजगी पॉलिसी विकल्या जाऊ लागल्या. एकाच म्हाताऱ्याला चार-चार पॉलिसी विकण्याचे, निरुपयोगी पॉलिसी गळ्यात मारण्याचे प्रकार इतके झाले की १९८० मध्ये बॉकस दुरुस्ती करावी लागली. ती ऐच्छिक मानकांवर अवलंबून होती आणि पुरली नाही. १९९० च्या कायद्याने मग पूरक पॉलिसींचे दहा ठरावीक नमुने केले, त्याच त्या अटींचे, म्हणजे तुलना फक्त हप्त्याची उरली. पासष्टीनंतरचे पहिले सहा महिने तब्येत न विचारता पॉलिसी देणं बंधनकारक झालं. आपल्याकडे एप्रिल २०२० मधली आरोग्य संजीवनी ही त्या वाटेची पॉलिसी होती: सगळ्या कंपन्यांची अट एकच, हप्ता वेगळा. पण तिथेही प्रवेश ६५ पर्यंतच होता. एप्रिल २०२४ च्या नव्या नियमावलीने ६५ ची ओळ काढून टाकली आणि सर्व वयांसाठी पॉलिसी असाव्यात असं म्हटलं. किती रुपयांना, हे पुन्हा कंपनीवर.

त्याच सुमारास दुसऱ्या बाजूने सरकारी योजना वर आली. महाराष्ट्राने २८ जुलै २०२३ च्या निर्णयाने महात्मा फुले जन आरोग्य योजना, म्हणजे धुळ्यासह आठ जिल्ह्यांत सुरू झालेली तीच योजना नव्या नावाने, सर्व कुटुंबांना आणि पाच लाखांपर्यंत खुली केली. पांढऱ्या कार्डाची भिंत पडली. आणि २९ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षांच्या पुढच्या प्रत्येकाला उत्पन्न न विचारता आयुष्मान वय वंदना कार्ड मिळू लागलं, पाच लाखांचं. खाजगी मेडिक्लेम असली तरी हे कार्ड घेता येतं. मग खाजगी पॉलिसींच्या संरक्षणाची एवढी चिंता कशाला, असा प्रश्न कुणी विचारील. उत्तर असं की कार्ड ७० पासून आहे आणि निवृत्ती ५८ किंवा ६० ला होते. मधली दहा-बारा वर्षं, जेव्हा मधुमेह आणि हृदय दोन्ही डोकं वर काढतात, राज्याची योजना आणि स्वतःची पॉलिसी यांवरच भागवावी लागतात. शिवाय योजनेतलं इस्पितळ यादीतलंच असावं लागतं. धुळ्याला भाऊसाहेब हिरे शासकीय महाविद्यालय आहे, जळगावला २०१८ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तरी रात्री दोनला कुठे जायचं हे घरापासूनचं अंतर ठरवतं, यादी ठरवत नाही.

म्हणून येत्या काळात कायद्याने काम करायचं ते सरकारी योजना आणि खाजगी पॉलिसी या दोन गोष्टींच्या सांध्यावर. २०२४ च्या आरोग्यविम्याच्या मुख्य परिपत्रकाने एक चांगला नियम केला आहे: विमाधारकाच्या अनेक पॉलिसी असतील तर मुख्य कंपनीने इतर पॉलिसींची माहिती घेऊन उरलेल्या रकमेचा हिशेब स्वतः जुळवून द्यावा, विमाधारकाला धावपळ करायला लावू नये. वय वंदना कार्डाला या व्यवस्थेत जागा नाही. योजनेचं पॅकेज ठरलेलं आणि त्यावर रुग्णाकडून पैसे घ्यायला मनाई, ही मनाई योग्यच आहे. पण त्यामुळे एका आजारपणात कार्ड आणि पॉलिसी या दोन्हींचा मेळ घालायचा तर तो कसा, हे इस्पितळाच्या काउंटरवर बसणाऱ्या योजनेच्या आरोग्यमित्रालाही सांगता येत नाही आणि टीपीएलाही नाही. पाच लाखांपुढचं टॉप-अप घेणाऱ्या म्हाताऱ्याने त्या पाच लाखांत कार्ड धरायचं की नाही, हे पॉलिसीच्या शब्दांत लिहिलेलं असलं पाहिजे, आणि जिल्ह्याच्या भाषेत. ते लिहिलं गेलं तर कंपनीची जोखीम पाच लाखांनंतर सुरू होते, आणि हप्ता त्या हिशेबाने उतरायला हवा असं नियामकाला आकड्यांनिशी म्हणता येईल. ३३३ रुपयांच्या हप्त्यात धुळ्याने जे करून दाखवलं, त्याचा फायदा जळगावच्या पांढऱ्या कार्डवाल्या निवृत्ताच्या हप्त्यापर्यंत पोचवायचा तो याच मार्गाने, आणि त्यासाठी नवा कायदा लागत नाही; नियामकाचं एक परिपत्रक पुरतं.